अठरा होल आणि स्कॉचची बाटली

गोल्फचं मैदान 18 होलांचंच (होल म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा टप्पा) का? व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर याचं उत्तर देतो. म्हणे 1858 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज क्लबच्या बैठकीत एका जुन्या सभासदाने सांगितलं की स्कॉचची बाटली 18 पेगांत संपते. दर होलला एक पेग. बाटली संपली की खेळ संपला. वर शेपूट असं की गोल्फ (GOLF) ही 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन'ची आद्याक्षरं.

आधी साल बघू. 1754 साली स्थापन झालेल्या या क्लबच्या मैदानावर 18 होल 1764 मध्येच झाले, म्हणजे त्या कथित बैठकीच्या 94 वर्षं आधी. त्यापूर्वी होते 22. समुद्राकाठाने जाताना 11 खेळायचे आणि त्याच वाटेने परतताना 11. सुरुवातीचे चार फारच आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. परतीलाही तेच होल, त्यामुळे तिकडचेही दोन घटले. उरले 18. या जाण्यायेण्याची खूण जमिनीवर अजून आहे: तिथे सात ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) दोन-दोन होलांसाठी जोडीने वापरतात आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज 18 येते. दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं.

मग 1858 आलं कुठून? त्या वर्षी क्लबने आपल्या सभासदांसाठी नियम केला की वेगळं ठरलं नसेल तर 18 होलांची एक फेरी म्हणजे एक सामना. मजकूर लिहिणाऱ्याने साल खरं उचललं, बाटली पदरची घातली.

बाकीच्या मैदानांचं काय? स्कॉटलंडमध्येच लीथला पाच होल होते, प्रेस्टविकला बारा. 1860 ची पहिली ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा प्रेस्टविकच्या त्या बारा होलांच्या तीन फेऱ्यांची झाली. तिथले लोक काय कमी पीत होते? पुढे सेंट अँड्र्यूजचा दबदबा वाढला, 1897 मध्ये नियमांची समितीही त्याच क्लबकडे गेली, आणि त्यांचा आकडा सगळ्यांचा झाला.

हिशेबही जुळत नाही. आजच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीचे 18 भाग केले तर प्रत्येकी सुमारे 42 मिलिलिटर. ना स्मॉल, ना लार्ज!

राहिली आद्याक्षरं. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉलसोबत या खेळावर बंदी घातली (लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसायचे), तेव्हाही त्याचं नाव हेच होतं. सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांचा स्वतंत्र गोल्फ क्लब 1867 पासून आहे. पुरुषांच्या क्लबने मात्र बायकांना सभासदत्व द्यायला बराच वेळ घेतला. त्या मतदानाचा निकाल लागला 18 सप्टेंबर 2014 रोजी.