परदेशातून : आईचे चार तास

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण झालं. एरवी तिथे शुभ सकाळ, सावजीच्या ताटाचे फोटो आणि कोणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन, एवढंच चालतं. त्या दिवशी चुलतभावानं लिहिलं, 'पेन्शनवाल्यांनी आता घरी बसावं. आमच्या पोटावर काऊन पाय देऊन राहिले?' नाव घेतलं नव्हतं. पण पेन्शन घेऊन कॉलेजात शिकवणारं ग्रुपवर एकच माणूस आहे, माझी आई.

आई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सगळी नोकरी सरकारी मनोरुग्णालयात. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं, आणि त्याच्या जवळच्या चौकाला अख्खं गाव पागलखाना चौक म्हणतं. लहानपणी ऑटोवाल्याला मी तेच नाव सांगितलं की आई मागून दुरुस्त करायची. ऑटोवाल्याला मात्र दुरुस्त केलेलं नाव कळायचं नाही. 58 व्या वर्षी ती निवृत्त झाली. आता सत्तरीला टेकली आहे आणि एका कॉलेजात एम.ए.च्या वर्गावर आठवड्याला चार तास घेते.

चुलतभाऊ राज्यशास्त्राचा. प्राध्यापकीची नेट परीक्षा झालेला, अकरा वर्षं कॉलेजात सीएचबीवर, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे, उन्हाळ्यात शून्य, जूनमध्ये पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. 2023 च्या जुलैत सरकारनं जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये महिन्यावर, वयाच्या सत्तरीपर्यंत, परत घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून त्याचा हा राग धुमसतो आहे. शाळेतली जागा कायमची भरायची तर पुढे पूर्ण पगार द्यावा लागतो, आणि पेन्शनवाला वीस हजारांत येत होता. यात अनुभवाची कदर कुठे आली?

पण त्या रात्री मी आईचा मुलगा होतो. मॉन्ट्रियलहून तावातावानं मेंदू आणि स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरचं उदाहरण टाकलं. 1918 साली मँचेस्टरला जन्मलेली ही बाई 1944 मध्ये इथे आली. एच. एम. नावानं ओळखला जाणारा तो प्रसिद्ध रुग्ण तिनंच अभ्यासला. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या डोक्यात नवीन काही टिकेना. आरशात बघून चांदणी गिरवायला तिनं त्याला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सरावला, आणि दर वेळी तो म्हणे की हे मी कधी केलेलंच नाही. क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, 1982 च्या कायद्यानं सक्तीची निवृत्ती गेली, पुढच्याच वर्षी मिल्नर 65 च्या झाल्या, आणि शंभरी उलटल्यावरही त्या मॅकगिल विद्यापीठाच्या मेंदू-संस्थेत प्राध्यापक होत्या. 'आपल्याकडे माणसाला साठीत मोडीत काढतात,' असंही वर लिहिलं.

भावाचं उत्तर एका ओळीचं होतं. 'अन् तिकडे आमच्यासारखे पोट्टे काय करून राहिले, तेही लिही.'

लिहिण्यासारखं होतं, म्हणूनच गप्प बसलो. माझ्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरेट झालेली बाई राहते. दोन विद्यापीठांत शिकवते. तिच्या हुद्द्याला इथे शार्जे द कूर म्हणतात, मराठीत सरळ सीएचबी. सप्टेंबरचा वर्ग मिळेल की नाही, हे ऑगस्टमध्येही तिला ठाऊक नसतं. फरक एवढा, की तिच्यामागे युनियन आहे आणि किती वर्षं शिकवलं याचा हिशेब वर्ग वाटताना धरतात. अमेरिकेत तर 1994 पासून कायम प्राध्यापकाला वयाची अटच नाही, आणि तिथेही तासांवर जगणारे ढिगानं आहेत. इथली गोष्ट आपण अर्धीच सांगतो, शंभरीतल्या प्राध्यापकाची.

मग आईचं काय? तिचे ते चार तास मी ऑनलाइन ऐकले आहेत. सिद्धांत, व्याख्या, परीक्षेचे प्रश्न. खोटं कशाला बोलू, तिशीतला कोणीही नेटवाला ते तितकंच चांगलं शिकवील. तिची खरी शिकवणी शनिवारी असते, घरी, फुकट. नुकत्याच काउन्सेलिंग करू लागलेल्या चार-पाच मुली आपापल्या केसेस घेऊन येतात, नावं झाकून. पुस्तकात डिप्रेशन असतं, पण गडचिरोली-गोंदियाकडची बाई येऊन म्हणते 'जीव लागत नाही', किंवा 'छातीत भरून येते', किंवा नुसतं 'बाहेरचं आहे'. त्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा आणि कधी गप्प राहायचं, सासूला खोलीबाहेर कसं बसवायचं, बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी देताना घाबरलेल्या पोराशी आधी किती वेळ गोट्यांबद्दल बोलायचं. हे आईलाही नीट सांगता येत नाही. ती करून दाखवते. एच. एम.च्या हाताचीच ही दुसरी तऱ्हा म्हणायची.

या शनिवारासाठी पैसा आणि मान दोन्ही हवेत. यूजीसीनं 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं. मंजूर पदांना धक्का न लावता, अध्यापनाबाहेरचे लोक सहसा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी घ्यायचे. निवृत्त प्राध्यापकाला तिथे जागा नाही, पण उभी हयात दवाखान्यात काढलेल्या सायकॉलॉजिस्टला आहे. आईच्या कॉलेजात त्याचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. चार तासांवर तिची हजेरी मात्र चोख लागते.

मी फोनवर म्हटलं, 'आई, तास सोड. शनिवार ठेव.'

'मी सोडले तर ते एखाद्या पोराला मिळतील असं वाटते तुला? पेपरच बंद करतील, बाप्पा.'

तिचा मुद्दा खरा आहे. तरी मला तो पुरेसा वाटला नाही, आणि बराच वाद घातला. मुलगा परदेशात बसून उपदेश करतो हे तिनं दोनदा ऐकवलं. तेही खरंच. जूनमध्ये मात्र तिनं कॉलेजला लिहून दिलं, की हे तास रीतसर जाहिरात काढून भरा, मी प्रात्यक्षिकं बघायला येईन, मानधन काय ते ठरवा.

आता भाऊ दर सोमवारी ग्रुपवर विचारतो, 'काकू, जाहिरात निघाली का?' त्याच्या विषयाची नाही, तरी विचारतो.

'नाही रे अजून,' आई लिहिते.