दराच्या आधी कागद बघतात

'सर्वात कमी दर भरा, काम तुमचंच' हे सरकारी माल वाहतुकीच्या निविदांवरच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. सोलापुरात नवीन गाडीमालक बाद होतात ते दरावर नाही, तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे कागदपत्रांच्या भागात. तो पास झाला तरच दराचा लिफाफा उघडतो. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी यातला एकही कागद निविदा उघडण्याच्या दिवशी मुदत संपलेला नको. महाटेंडर्स या राज्याच्या ऑनलाइन निविदा पोर्टलवरची बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची, एक्सेल फाईल जशी उतरवली त्याच नावाने परत चढवा. नाव बदललं की पोर्टल ती घेतच नाही. सगळं चढवल्यावर 'फ्रीझ' (शेवटचं पक्कं सादर) केलं नाही तर निविदा भरलीच गेली नाही असं धरतात! बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) शेवटच्या दिवशी एनईएफटीने पाठवणं म्हणजे देवावर हवाला.

आणि दर काढताना परतीचा रिकामा फेरा धरा. रेशनच्या द्वारपोच वाहतुकीत (गोदामातून थेट दुकानापर्यंत धान्य) करमाळ्याच्या आडगावाहून भरून आणायला काही नसतं, हमालीही बहुतेकदा आपल्याच माथी. डिझेलवाढीचं कलम निविदेत आहे का ते आधी वाचा. नसेल तर पूर्ण मुदतभर तोच दर, आणि मधेच काम सोडलं तर सुरक्षा ठेव जप्त.