मेळ्याची विमानं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या व्यापारमेळ्याला येणाऱ्या चार्टर (म्हणजे खास भाड्याने ठरवलेल्या) विमानांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. सोव्हिएत बनावटीच्या इल्यूशिन-१४ वर 'लुफ्तान्झा' लिहिलेला फोटो बनावट असावा, १९७५चा अपघात मी गाळला, आणि एकूणच पूर्व जर्मनीच्या हुकूमशाहीचे गोडवे गायले.

फोटो खरा आहे. तेव्हा लुफ्तान्झा नावाच्या विमान कंपन्या दोन होत्या, एक पश्चिम जर्मनीची. पूर्व जर्मनीनेही १९५५ मध्ये त्याच नावाने विमानसेवा सुरू केली, तीही सोव्हिएत विमानं घेऊन. नावावरून पश्चिमेशी जुंपली, तेव्हा १९५८ मध्ये 'इंटरफ्लुग' नावाची वेगळी कंपनी काढून ठेवली, सुरुवातीला चार्टरसाठीच. १९६३ मध्ये पूर्वेची लुफ्तान्झा गुंडाळली गेली आणि सगळा कारभार इंटरफ्लुगकडे आला. फोटोखाली हे लिहिलं असतं तर तुमचा गोंधळ झाला नसता.

अपघाताबाबत मात्र माझ्याकडे सबब नाही. १ सप्टेंबर १९७५ ला, शरद ऋतूतला मेळा सुरू असताना, स्टुटगार्टहून आलेलं इंटरफ्लुगचं टुपोलेव्ह टीयू-१३४ विमान उतरताना हवं त्यापेक्षा खाली आलं आणि धावपट्टीच्या अलीकडच्या रेडिओ मास्टला धडकलं. विमानात ३४ जण होते, २७ गेले. विमानांच्या रंगांवर दोन परिच्छेद लिहिणाऱ्याला यासाठी दोन ओळी सुचू नयेत, याची लाज वाटते. आजच लेखात भर घालतो.

तिसरा आक्षेप मला पटत नाही. मेळा त्या राजवटीच्या कितीतरी आधीचा. १४९७ मध्येच, पुढे सम्राट झालेल्या राजा मॅक्सिमिलियनने त्याला सनद दिली होती. राजवटीने तो आपली शोभेची खिडकी म्हणून वापरला, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण मग मुळात चार्टर विमानं का लागत होती, हे बघा ना. स्टुटगार्ट ते लाइपझिग हे जेमतेम तासाभराचं उड्डाण. तरी दोन जर्मनींमध्ये रोजची नियमित विमानसेवा नव्हतीच. लुफ्तान्झाची फ्रँकफर्ट-लाइपझिग सेवा सुरू झाली ऑगस्ट १९८९ मध्ये, म्हणजे बर्लिनची भिंत पडायच्या तीन महिने आधी! तोवर वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, दार किलकिलं व्हायचं, कारण सरकारला पाश्चात्त्य चलन हवं होतं. तेवढे दिवस लाइपझिगजवळच्या श्कॉयडित्सच्या विमानतळावर परदेशी विमानं दिसायची. मेळा उठला की पुन्हा तीच सोव्हिएत टुपोलेव्ह आणि इल्यूशिन.

आणि कुंपणाबाहेर उभं राहून ती विमानं बघणाऱ्या सामान्य माणसाला त्यात बसून पश्चिमेला जायची मुभा नव्हती. ही गोष्ट मी लेखात नुसती सुचवून सोडली; स्पष्ट लिहायला हवी होती, तेवढं मान्य. पण त्या विमानांची आठवण काढली म्हणजे राजवटीची आरती ओवाळली, असं होत नाही. नेहमीची वाट बंद होती म्हणून तर ही खास विमानं होती.

रंगांवरचे परिच्छेद मात्र काढणार नाही. कुंपणापासून विमानाचं नाव वाचता येत नाही. कोण कुठून आलंय ते शेपटीच्या रंगावरूनच ओळखावं लागतं.