‘स्कोअर कमी म्हणजे कार्ड डुप्लिकेट’? हे कुणी ठरवलं?

सध्या कोल्हापुरातल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नवा गेमिंग पीसी घेतलाय? थ्रीडीमार्कचा टाइम स्पाय लावा. आरटीएक्स 4060 ला 10,500 पेक्षा कमी स्कोअर आला तर कार्ड डुप्लिकेट. लगेच परत करा.’ (थ्रीडीमार्क म्हणजे पीसीचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, टाइम स्पाय ही त्यातली एक टेस्ट आणि आरटीएक्स 4060 हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग.) त्याखाली आणखी काही ज्ञान आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. तसा तो शेअर होत होत आमच्या बहिणीपर्यंत आला. भाच्याचा स्कोअर साडेनऊ हजार. झालं, मायलेकरं थेट राजारामपुरीत दुकानदाराच्या काउंटरवर! त्या माणसाला चारचौघांत चोर ठरवून झाल्यावर मला फोन.

निकालाच्या पानावर एक सोडून तीन आकडे असतात. वर मोठ्या अक्षरात एकूण स्कोअर, त्याखाली बारीक अक्षरात ग्राफिक्स स्कोअर, म्हणजे कार्डाचा, आणि सीपीयू स्कोअर, म्हणजे प्रोसेसरचा. भाच्याचा ग्राफिक्स स्कोअर 10,600, म्हणजे 4060 ला यायला हवा तेवढा. सीपीयू स्कोअर 6,000. कारण साहेबांनी सगळं बजेट कार्डावर घालवलं आणि प्रोसेसर घेतला चार कोअरचा आय-थ्री 12100 एफ. मेसेज लिहिणाऱ्यानं कुणाच्या तरी व्हिडिओतला एकूण आकडा उचलला आणि कार्डाच्या कपाळी चिकटवला.

थ्रीडीमार्क बनवणाऱ्या यूएल कंपनीच्या टेक्निकल गाइडमध्ये याचा हिशेब छापलेला आहे. टाइम स्पायमध्ये ग्राफिक्सला 0.85 आणि सीपीयूला 0.15 वजन देऊन दोन्हींचा हरात्मक मध्य काढतात. साध्या सरासरीपेक्षा यात लहान आकडा एकूण स्कोअरला जास्त खाली ओढतो. कॅल्क्युलेटर घ्या: 10,600 आणि 6,000 चे होतात साधारण 9,500. हेच कार्ड उचलून 12,000 सीपीयू स्कोअर देणाऱ्या मशीनमध्ये बसवा, एकूण होतील जवळपास 10,800. कार्ड तेच, ग्राफिक्स स्कोअर तोच, फरक तेराशेच्या घरात. मग कार्ड एका घरात डुप्लिकेट आणि शेजारच्या घरात ओरिजनल काय?

डुप्लिकेट कार्डं बाजारात नसतातच असं मी म्हणत नाही. जुन्या जीटीएस 450 कार्डाचं नाव बदलून ते नंतरचं 1050 टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झालेत. पण ते ओळखायला जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय त्यात 2018 पासून आहे. नावापुढं सरळ ‘फेक’ लिहून येतं. भाच्याच्या मशीनवर ते उघडलं तर चिप एडी107, कोअर (चिपमधले हिशेब करणारे भाग) 3,072. म्हणजे अस्सल 4060. दोन मिनिटांचं काम होतं.

आता मेसेजमधला खरा घातक भाग. ‘स्कोअर वाढवायचा असेल तर कार्डात 4060 टीआयचा बायोस टाका.’ बायोस म्हणजे कार्ड कसं चालवायचं ते सांगणारी कार्डातली फाइल, आणि 4060 टीआय हे वरचं मॉडेल. अरे बाबा, टीआयची चिपच वेगळी आहे, एडी106, आणि तिच्यात कोअर 4,352. फाइल बदलून सिलिकॉनवर कोअर उगवतात होय? साधं फ्लॅशिंगचं, म्हणजे बायोस चढवायचं, टूल असली फाइल घेतच नाही. मग पोरं कुठलं तरी जुगाडू टूल शोधतात, अडवणूक चुकवून जबरदस्तीनं ती फाइल चढवतात आणि स्क्रीन काळी. त्यात मध्येच लाइट गेली तर बघायलाच नको. असं कार्ड वॉरंटीत कुणी घेत नाही. हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणून बसवा एकदा.

बाकीचं पटापट. ‘दुसऱ्यांदा लावल्यावर स्कोअर बदलला तर कार्ड खराब’: लागोपाठच्या निकालांत तीन टक्क्यांपर्यंत फरक यूएलच नॉर्मल धरते. त्याहून जास्त पडत असेल तर आधी उष्णता बघा; भाच्यानं कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलंय. ‘144 हर्ट्झचा मॉनिटर लावला की स्कोअर वाढतो’: नाही. टाइम स्पाय ठरलेल्या 2560 बाय 1440 वरच चित्र काढतो, समोर मॉनिटर कुठलाही असो. ‘स्टील नोमॅडमध्ये फक्त 2,300 आले म्हणजे कार्ड झिजलंय’: ती थ्रीडीमार्कचीच, पण निराळी टेस्ट, फोर-केची आणि जास्त जड. तिथला स्कोअर म्हणजे सरासरी एफपीएस (दर सेकंदाला निघणारी चित्रं) गुणिले शंभर. 2,300 म्हणजे 23 एफपीएस, आणि 4060 कडून फोर-केवर तेवढंच निघतं.

‘दहा हजार पार म्हणजे सगळे गेम अल्ट्रावर’ (चित्राच्या सगळ्यात वरच्या सेटिंगवर) हेही खोटं. कार्डाची 8 जीबी मेमरी भरली की स्कोअर कितीही असू दे, गेम अडखळतो. त्यात भाच्याकडं चारच कोअर. सरासरी एफपीएस झकास दिसेल, पण गर्दीच्या सीनमध्ये झटके बसतील, म्हणून त्यानं वन पर्सेंट लोचा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का चित्रांच्या वेगाचा, आकडा बघावा. तो फारच खाली जात असेल तर पैसे साठवून प्रोसेसर बदलावा. त्याच मदरबोर्डवर सहा कोअरचा आय-फाइव्ह 12400 एफ बसतो. कार्डाला हात लावायची गरज नाही.