कैगा, चेर्नोबिल आणि शाळकरी पोरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा प्रकल्पावरील माझ्या लेखाखाली आपण टोपणनावाने लिहिता की, 'चेर्नोबिलसारखा अपघात कैग्यात होऊच शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळते. गोमंतकीयांना उगाच घाबरवू नका.' मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र निवृत्त होईपर्यंत मी काणकोणातील मुलांना भौतिकशास्त्रच शिकवत होतो, त्यामुळे शाळकरी पोरांना काय कळते आणि काय कळत नाही, याचा अंदाज मला आपल्यापेक्षा थोडा अधिक असावा.

१९८६ साली स्फोट झालेली चेर्नोबिलची अणुभट्टी न्यूट्रॉन मंद करण्यासाठी ग्रॅफाइट वापरणारी होती, तिला काँक्रीटचे पूर्ण संरक्षक आवरण नव्हते आणि त्याच कामासाठी जड पाणी वापरणाऱ्या कैग्याच्या भट्ट्यांची जातकुळी वेगळी आहे, एवढे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण 'तसा अपघात होणार नाही' या विधानातून 'अपघातच होणार नाही' असा निष्कर्ष कोणत्या शास्त्राने काढता येतो, ते आपण सांगितलेले नाही.

माझ्या लेखाचा भर भट्टी बंद पडल्यानंतरच्या उष्णतेवर होता आणि नेमका तोच भाग आपण वाचलेला दिसत नाही. अणू एकामागून एक फुटत जाण्याची शृंखला अभिक्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेली द्रव्ये किरणोत्सार करीतच राहतात. बंद होण्याच्या क्षणी भट्टीच्या पूर्ण उष्णताशक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता त्यांच्यापासून निघत असते, आणि ती झपाट्याने घटत गेली तरी पुढे कित्येक दिवस पाण्याने वाहून न्यावीच लागते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा येथील चालू भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्यानंतर त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, शीतकरण थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. परदेशातले उदाहरण आपल्याला चालत नसेल, तर कैग्याच्याच घराण्यातील, म्हणजे जड पाण्याच्याच भट्ट्यांचे, उत्तर प्रदेशातील नरोरा अणुऊर्जा केंद्र घ्या. तेथे ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांमुळे आणि कर्मचाऱ्यांच्या धाडसामुळे अनर्थ टळला. त्या कर्मचाऱ्यांविषयी मला नितांत आदर आहे, पण माणसांच्या धाडसावर निभावलेल्या प्रसंगाला यंत्रणेची अभेद्यता म्हणण्याची माझी तयारी नाही.

कैग्याच्या भट्टीवरील काँक्रीटच्या संरक्षक आवरणाविषयी, म्हणजे 'भक्कम घुमटा'विषयी, आपण जे लिहिले आहे, ते वाचून तर मला हसूच आले. मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच कैग्याच्या पहिल्या भट्टीच्या आतील घुमटाचे काँक्रीट सुटून खाली कोसळले. भट्टीत इंधन नव्हते, हे आपले नशीब. माझे मावसभाऊ त्या वेळी कारवारला राहत असल्यामुळे ही वार्ता आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पोहोचली होती. आपण तेव्हा कोठे होता, हे मी विचारणार नाही. घुमट पुढे नव्याने बांधला गेला, हेही मला ठाऊक आहे.

कोळशाच्या धुरामुळे अधिक माणसे मरतात, हा आपला दुसरा मुद्दा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि 'विकासविरोधी' या विशेषणाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. पुढची प्रतिक्रिया कृपया स्वतःच्या नावानिशी द्यावी. मुखवट्याआडून चालणाऱ्या शिकवणीला बसण्याचे माझे वय राहिलेले नाही.