एकी की बेकी

चहाचे पैसे कोणी द्यायचे हे आमच्या लालबागच्या कट्ट्यावर गाड्या ठरवतात. पुढची जी गाडी येईल तिच्या नंबराचा शेवटचा आकडा, एकी की बेकी. शनिवारी तेवढं व्हायच्या आधीच अविनाशने सट्टेवाल्यांच्या गाड्या जप्त झाल्याची बातमी मोठ्याने वाचायला घेतली. सगळ्यांनी सकाळीच वाचलेली. पण सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून हा माणूस नोटीसबोर्डासारखा झालाय, समोर कोण उभं आहे त्याच्याशी देणंघेणं नाही.

"एकही सुटता कामा नये. गाडी उचला, लिलाव करा, पैसे सरकारजमा. सिंगापूरला बघा..."

"सिंगापूरला चार दिवस होतास," मन्या म्हणाला. "त्यातले दोन पोट बिघडून हॉटेलात."

मन्याला हा विषय झोंबणारच. त्याची टुरिस्ट गाडी. आयपीएलच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाने संध्याकाळभर फिरायला घेतली. मागच्या सीटवर चार फोन, एक वही, आणि तोंडाने खाई-लगाई, म्हणजे सट्टेवाल्यांची बोली, चालू. मन्याला वाटलं, साहेब शेअरबाजारातले. धाड पडली, साहेब दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर, गाडी मात्र सात महिने पोलीस ठाण्याच्या आवारात. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, त्याला अजून त्याच रस्त्याने धंदा करायचाय.

"तुला कळायला नको? मागे काय चाललंय?"

"मागच्याचं बोलणं ऐकलं की ड्रायव्हर भोचक, नाही ऐकलं की सामील. तूच सांग, कानात काय घालू?"

शिरीष कोर्टात कारकुनी करतो, त्यामुळे त्याला विचारल्याशिवाय बोलायची सवय आहे. त्याचं म्हणणं, दोन गोष्टींची खिचडी करू नका. सट्ट्याच्या पैशातून घेतलेली गाडी वेगळी, तिच्यामागे मनी लाँडरिंगचा कायदा घेऊन ईडी लागते. आणि सट्टा चालवायला वापरलेली गाडी वेगळी. आपला जुगाराचा कायदा 1887चा. त्यात 'जुगाराचं साधन' म्हणजे पत्ते, फासे, वह्या, जे जे खेळायला वापरलं ते.

"1887 साली मुंबईत गाड्या होत्या?"

"ट्राम होती. घोड्यांची."

"मग घोडा जप्त करायचे?" मन्या उसळला. "छे, घोड्याला त्याच कायद्यात सूट! महालक्ष्मीला तिकीट काढून घोड्यावर लावा, सभ्य माणूस. माझ्या गाडीत बसून धोनीवर लावा, गाडी आत!"

अविनाश म्हणाला, हा मुद्दा नाही. तो हरायला लागला की हे वाक्य येतं.

मग नाना सुरू झाले. नाना गिरणीतले. न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव तारेने यायचे त्यावर लोक आकडा लावायचे, ते बंद पडल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका काढला, मागोमाग रतन खत्रीचा. "आमच्या खात्यातला पोऱ्या सायकलवरून चिठ्ठ्या गोळा करायचा. ओपन संध्याकाळी, क्लोज रात्री. पोलीस आले की पोऱ्या पळायचा, सायकल धरली जायची. मटका बंद झाला? सायकली संपल्या फक्त."

"नाना, तुमचा आकडा लागला कधी?"

"एकदा. त्याचंच मंगळसूत्र केलं. पुढच्या वर्षी तेच गहाण."

यावर कोणी हसलं नाही, नाना सोडून.

शिरीषने पुन्हा फाइल उघडली. 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाईच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गाड्या ठाण्यात कुजवू नका, फोटो काढा, बंधपत्र घ्या, मालकाला द्या.

"ते माझ्या गाडीला कोणी वाचून दाखवलं नाही," मन्या म्हणाला. "सुटली तेव्हा बॅटरी मेलेली, चारी टायर बसलेले, डिक्कीत उंदरीण बाळंत. हप्ते मात्र बँकेने एक तारखेला न चुकता कापले. उंदरणीची सोय माझ्या पैशात."

"कायदा म्हणजे कायदा," अविनाश.

"बरं. मग गणपतीच्या जागरणाला तीन पत्तीचे कॅट कोणाच्या स्कूटरच्या डिक्कीतून येतात?"

"ते... धार्मिक आहे."

कट्टा फुटला. शिरीषच्या नाकातून चहा आला. त्यात मन्याने 2011ची फायनल काढली. धोनीचा सिक्सर वानखेडेच्या स्टँडमध्ये पडला तेव्हापासून अविनाश त्याचे पन्नास रुपये देणं लागतो, आणि दरवेळी म्हणतो की ती पैज नव्हती, चर्चा होती.

"व्याजासकट स्कूटरच दे. साधन आहेच."

टपरीवाला पोऱ्या पैशांसाठी येऊन उभा राहिला. अविनाश नेहमीप्रमाणे बेकी म्हणाला. सगळे रस्त्याकडे बघायला लागले. बेस्टची बस सिग्नलला अडकली होती, तिच्या बाजूने काढत पोलिसांची बोलेरो आली. शेवटचा आकडा सात.

"एकी! काढ पैसे," मन्या म्हणाला. "आणि जा, धाव मागे. जुगाराला वापरलेली गाडी चाललीय."