गोळ्या परत नेल्या, सोबत पुरावाही गेला

आमच्या शेजारच्या काकू परवा समाधानाने सांगत होत्या, "मेडिकलवाला भला माणूस गं! काकांच्या गोळ्यांचा बॅच कंपनीने परत मागवला, तर स्वतः घरी आला. उरलेल्या स्ट्रिपा नेल्या, पैसे दिले." बिल? तेही घेऊन गेला. माझ्या पोटात गोळाच आला. त्याच गोळ्या सुरू असताना काकांची किडनी बिघडली. आता दाखवायला हातात काय उरलं?

नागपुरात तरी हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं किडनी निकामी होऊन आपल्याच दवाखान्यांत आली होती. त्यांनी घेतलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ते नमुना हाती लागला म्हणून.

औषध परत मागवलं म्हणजे भरपाई आपोआप मिळते, असं नाही. हीच गोळी, हाच बॅच आणि त्यानेच इजा झाली, हे पेशंटला दाखवावं लागतं. म्हणून स्ट्रिप देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर बॅच नंबर दिसेल असा फोटो काढा, एक स्ट्रिप तरी ठेवून घ्या. औषध कायद्याच्या कलम 26 नुसार फी भरून कुणीही सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. हे किती जणांना माहीत आहे?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाची भरपाई थेट कंपनीकडे मागता येते. कारखाना कुठेही असो, तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं. औषधाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. कंपनी म्हणेल, "इशारा आम्ही डॉक्टरांना दिला होता." इशारा देण्याबाबत हा बचाव कायद्यातच आहे, पण गोळी बनवतानाच दोष राहिला असेल तर तो पुरत नाही. हा फरक तक्रारीत ठळक लिहा.

मला खरा संताप येतो तो सरकारी दवाखान्यात फुकट औषध घेणाऱ्यांसाठी. पैसे मोजले नाहीत म्हणून ग्राहक आयोगात त्यांची वाट अडते. त्यांना दिवाणी कोर्टात दावा किंवा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट अर्ज करावा लागतो. बाई असेल किंवा लेकरू असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न बघता वकील देतं. पण तिथवर पोचवणार कोण?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाची नोंद बॅच नंबरसकट दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. काकूंना घेऊन उद्या तीच मागायला जाते आहे.